नवल आणि ‘कशावरून?’



मे महिन्यात कोकणात व्याख्यान ठेवणे हे एक धाडस आणि त्याला माणसे जमवणे हे दुसरे. आंब्याच्या पेट्या भरायच्या आहेत, घरोघर मुंबईचे चाकरमानी उतरले आहेत, पावसाआधीची लाकूडफाट्याची बेगमी व्हायची आहे. आणि एवढे सारे बाजूला ठेवून आपण या उकाड्यात आमचे बोलणे ऐकायला येऊन बसला आहात. तेव्हा आपला वेळ फुकट जाऊ नये, एवढी जबाबदारी आमच्यावर आली.

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘विज्ञान’ असे सांगितले. ते जरा घोटाळले. म्हणाले, “अहो, तुम्ही कामगार चळवळीतले. किमान वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोललात तर लोकांना उपयोग होईल. विज्ञानासाठी आम्ही कोणी प्राध्यापक बघतो.” त्यांचे काही चुकले नाही. आमचे शिक्षण वर्गातल्या बाकापेक्षा वाचनालयाच्या बाकावर जास्त झाले आहे. प्रयोगशाळा आम्ही पाहिली ती बाहेरून. पण आमचे म्हणणे असे, की हे दोन विषय वेगळे नाहीतच. बोनस मागताना जो प्रश्न आम्ही मालकाला विचारतो, तोच प्रश्न शास्त्रज्ञ सृष्टीला विचारतो. तो प्रश्न एका शब्दाचा आहे: ‘कशावरून?’

आणि हे बोलायला मालगुंडासारखी दुसरी जागा नाही. पोटासाठी मास्तरकी करणाऱ्या इथल्या एका माणसाने उरलेल्या वेळात मराठी कवितेची दिशा बदलली. तेव्हा नव्याचा शोध घेणे ही फक्त रिकामटेकड्यांची किंवा फक्त पदवीधरांची मिरास नव्हे, हे केशवसुतांच्या गावात आम्ही वेगळे सांगायला नको.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्या लोकांना विज्ञानाची आवड नाही, अशी जी ओरड होते ती आम्हांला पटत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. चांद्रयान-३ चंद्रावर उतरत होते. आम्ही त्या वेळी एका कारखान्याच्या उपाहारगृहात बसलो होतो. दुसरी पाळी चालू होती. पण सहाच्या सुमारास माणसे एका लहानशा मोबाइलभोवती गोळा झाली. पर्यवेक्षक त्यांना हाकायला म्हणून आले आणि तेही मान उंच करून मागे उभे राहिले. यान टेकले तेव्हा जी आरोळी उठली ती कोणत्याही पगारवाढीच्या वेळी आम्ही ऐकलेली नाही.

आरोळी ओसरल्यावर एका फिटरने विचारले, “चंद्रावर हवा नाही म्हणतात. मग हवाई छत्री उघडून काय उपयोग? छत्री फुगायला हवा तर पाहिजे! मग याचा वेग कमी केला कशाने?” आमच्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा क्षण तो होता. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. छत्री तिथे कुचकामाची. म्हणून यानाची इंजिने खालच्या दिशेने पेटवून, त्या झोताच्या उलट्या रेट्यावर त्याला सांभाळत सांभाळत उतरवले. पंधरा मिनिटे त्या टेबलाभोवती वाद चालला.

पण त्याच रात्री, त्याच मोबाइलवर, त्याच माणसांनी आम्हांला दुसरा एक निरोप पाठवला. अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी सूर्याचा आवाज टिपला आणि त्यात ओंकार ऐकू आला, असा तो निरोप होता. पाठवणाऱ्यांचा आनंद तोच आणि तेवढाच. फरक इतकाच, की चांद्रयानाच्या बाबतीत कोणीतरी ‘ते कसे?’ म्हणून विचारले आणि सूर्याच्या बाबतीत कोणीच विचारले नाही. ज्या फिटरला हवेवाचून छत्री फुगत नाही हे सुचले, त्यालाच हवेवाचून आवाज कसा पोचेल हे सुचले नाही. कारण ती बातमी गोड होती. गोड बातमीला प्रश्न विचारणे जिवावर येते. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे: नवलाची गोडी आपल्याकडे भरपूर आहे, तिच्या जोडीला ‘कशावरून?’ची सवय हवी. आणि ही सवय लागली म्हणजे नवल कमी होत नाही, वाढते.

वाढते कसे, ते आपल्याच किनाऱ्यावरच्या एका गोष्टीवरून पाहू. विजयदुर्ग १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता; आता तो सिंधुदुर्गात गेला. त्या किल्ल्यावर काही ओटे आहेत. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले; त्या दिवशी नॉर्मन लॉकयर नावाच्या साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण मांडली आणि हेलियम वायूचा शोध लावला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. आम्हीही ती अनेक वर्षे मोठ्या अभिमानाने सांगत होतो. हेलियम कोकणात सापडला, ही गोष्ट कोणाला गोड वाटणार नाही?

एके दिवशी स्वतःलाच विचारले, कशावरून? मग पुस्तके शोधली, तारखा ताडून पाहिल्या. जे हाती आले ते असे.

सूर्यप्रकाश लोलकातून नेला म्हणजे त्याचा रंगीत पट्टा होतो, हे आपण शाळेत पाहिले आहे. कोणतेही मूलद्रव्य तापून वायुरूपात प्रकाशले, की त्या पट्ट्यात ते आपापल्या ठरलेल्या जागी रेषा उमटवते. हजेरीपटावर जशी ज्याची त्याची सही, तशी ही रेषा. मिठाची चिमूट गॅसच्या ज्योतीवर पडली की ज्योत पिवळी होते, हे आमच्या भगिनींना ठाऊक आहे. ती सोडियमची सही. ती पिवळ्या रंगात, दोन जवळजवळच्या रेषांची असते.

१८६८ च्या ग्रहणासाठी शास्त्रज्ञांच्या तुकड्या हिंदुस्थानात आल्या. जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातील गुंटूरला होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल हा पटवर्धनांच्या जमखंडीत होता. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर कडेला ज्या ज्वाला दिसतात, त्यांच्या प्रकाशात ठळक रेषा उमटल्या. काहींनी पिवळी रेषाही पाहिली. पण ती सोडियमचीच म्हणून सोडून दिली. जान्सेनला या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पाहून दाखवल्या.

आणि लॉकयर? तो इंग्लंडात होता. ग्रहणावाचूनही या ज्वाला पाहता येतील, असे त्याचेही म्हणणे होते. पण त्यासाठी करायला दिलेले उपकरण हाती यायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने घरच्या दुर्बिणीवर ते बसवले आणि रेषा पाहिल्या. त्याचे आणि जान्सेनचे पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले पदक पाडले. लॉकयरने पिवळ्या रेषेची जागा मोजली तेव्हा ती सोडियमच्या दोन्ही रेषांच्या शेजारी पडली, त्यांच्यावर पडेना. म्हणजे ही सही पृथ्वीवरच्या कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला ‘हेलियम’ म्हटले गेले. पुष्कळांनी ते मानले नाही. त्यांनीही ‘कशावरून?’ म्हटले, आणि ते योग्यच होते. शेवटी १८९५ साली रॅम्से याने एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू काढून दाखवला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा वाद मिटला.

मग विजयदुर्गाचे काय? तेथे लॉकयर आला होता हे खरे. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर तो ‘सर’ झाला होता. ब्रिटिश आरमाराच्या बोटीवरचे खलाशी त्याने हाताशी घेतले, दिवसेंदिवस त्यांच्याकडून कवायत करून घेतली आणि जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत त्यांच्याकडून निरीक्षणे करविली. किल्ल्यावरच्या ओट्यांचे नाते या मोहिमेशी जोडणेच सयुक्तिक दिसते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन जेऊरला गेले होते. आपल्याकडच्या माणसाने आपल्या भूमीवर केलेले हे काम आपल्याला मात्र कोणी सांगितले नाही.

आमच्या एका विजयदुर्गकर मित्राला आम्ही हे सांगितले तेव्हा तो रुसला. म्हणाला, “आमचा हेलियम तुम्ही काढून घेतलात!” आम्ही म्हटले, बाबा, काढून घेतले ते खोटे नाणे; बदल्यात दिले ते खरे आहे. ज्या माणसाच्या मोजणीतून हेलियम निघाला तो तुझ्या किल्ल्यावर राहून गेला. साध्या खलाशांच्या हातून तिथे विज्ञान झाले. आणि आणखी ऐक. हा लॉकयर कोणी विद्यापीठाचा पंडित नव्हता. १८६८ साली तो लंडनला युद्धखात्यात कारकून होता. दिवसा फायली आणि रात्री दुर्बीण! पुढच्याच वर्षी त्याने ‘नेचर’ हे साप्ताहिक काढले. ते आजही जगभर वाचले जाते. आम्हांला विचाराल तर ही खरी गोष्ट त्या कथेहून कितीतरी मोठी आहे. गंमत पाहा, की १६ फेब्रुवारी १९८० ला कारवार-हुबळीच्या पट्ट्यात खग्रास ग्रहण झाले, तेव्हा आपल्याकडे दारे-खिडक्या लावून माणसे घरात बसली होती. ज्या दोन मिनिटांसाठी माणसे समुद्र ओलांडून येतात, ती दोन मिनिटे आपण पांघरुणात घालवतो.

आता कोणी म्हणेल, हा सारा इतिहास झाला. कामकरी माणसाला त्याचे काय? म्हणून आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. त्याची गरज नाही.

त्या कारखान्याच्या एका शेडमध्ये माणसांची डोकी दुखू लागली, डोळे चुरचुरू लागले. नुकतीच एका नव्या पुरवठादाराकडून भुकटीची पोती येऊ लागली होती. सगळ्यांनी एकमताने भुकटीवर आळ घेतला. आम्हीही घेतला. मागणीपत्र गेले: ही भुकटी बंद करा. व्यवस्थापकांनी विचारले, “कशावरून?” आम्हांला राग आला. पाचपंचवीस माणसे सांगतात ती काय खोटे बोलतात? दाराशी सभा झाली, घोषणा झाल्या.

त्या रात्री युनियनच्या कचेरीत दहावी झालेला एक मदतनीस पोरगा म्हणाला, “काका, आपण लिहून ठेवूया का?” शंभर पानी वही आणली. चार रकाने आखले: तारीख आणि पाळी, कोणते काम चालले, कोणाला काय झाले, आणि त्या दिवशी शटर उघडे की बंद. त्या पोराने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. ज्या दिवशी कोणालाच काही झाले नाही, तो दिवसही त्याने लिहिला. आम्ही म्हटले, हे कशाला? तो म्हणाला, “काही झाले नाही हे कळल्याशिवाय, झाले ते कशाने झाले हे कसे कळणार?” आज आम्हांला माहीत आहे, की मोठमोठ्या संशोधनाचा पाया हाच असतो. त्या पोराला तो कोणी शिकवला नव्हता.

दोन महिन्यांनी वही उलगडली आणि आम्ही वरमलो. भुकटी रोज चालत होती. त्रास मात्र रोज नव्हता. त्रास होता तो टाक्या धुण्याच्या दिवशी, दुपारच्या पाळीला, पावसामुळे शटर खाली ओढलेले असताना. टाक्या धुण्याचे जे द्रावण होते, त्याची वाफ बंद शेडमध्ये कोंडत होती. भुकटी निर्दोष होती. जी मागणी आम्ही घोषणा देऊन केली होती ती चूक होती.

आता काय करायचे? काही सहकारी म्हणाले, गप्प बसा, मागणी मागे घेतली तर नाक कापले जाईल. आम्ही मात्र वही घेऊन व्यवस्थापकांपुढे बसलो. पहिली मागणी मागे घेतली आणि नवी ठेवली: हवा बाहेर फेकणारे पंखे बसवा, धुण्याच्या वेळी शटर उघडी ठेवा, तोंडाला योग्य मुखवटे द्या. या वेळी ‘कशावरून?’ला आमच्याकडे साठ दिवसांचे उत्तर होते. पंधरा दिवसांत पंखे बसले. त्रास थांबला, तेही आम्ही पुढे महिनाभर लिहिले. पहिलीच मागणी रेटून नेली असती, तर भुकटी बदलली असती, आमचा जयजयकार झाला असता आणि माणसांची डोकी तशीच दुखत राहिली असती. ती वही आजही आमच्या कपाटात आहे. ‘कशावरून?’ हा शब्द दुसऱ्यावर उगारायची काठी नव्हे. तो आधी स्वतःला विचारायचा असतो, हे आम्ही त्या शंभर पानांत शिकलो.

आता शेवटी तुमच्या पायाखालच्या गोष्टीकडे येतो. या गावाच्या माथ्यावर सडा आहे. कोकणात गाव तिथे सडा. पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात काळाठिक्कर. त्या कातळाकडे आपण कधी पाहिले? गुरे चारायला आणि चिरे काढायला. गेल्या काही वर्षांत याच सड्यांवर असा एक ठेवा उघड झाला, की जगाचे डोळे रत्नागिरीकडे लागले. कातळात कोरलेली हत्तीची, वाघाची, माशांची, पक्ष्यांची, माणसांची मोठमोठी चित्रे. आपण त्यांना कातळशिल्पे म्हणतो. आपल्याच तालुक्यात उक्षीला आणि जांभरुणला आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत.

ही सापडली कशी? एकेक दोनदोन ठिकाणे अभ्यासकांना आधीही ठाऊक होती. पण गावोगाव हिंडून शोध घेण्याचे काम रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी केले. रिसबूड हे व्यवसायाने अभियंते; कोणी पुरातत्त्वखात्याचे अधिकारी नव्हेत. आपापला उद्योग सांभाळून, सुटीच्या दिवशी, पदरमोड करून ही माणसे सडे तुडवीत होती. आणि त्यांनी केले काय? गुरे राखणाऱ्यांना विचारले. म्हाताऱ्यांना विचारले. शाळेतल्या मुलांना विचारले. ‘तुमच्या सड्यावर कातळात काही कोरलेले आहे का?’ उत्तर मिळे, ‘हो, आहे ना, ती पांडवांची चित्रे.’ काही ठिकाणी तर त्यांची पूजा होत होती. म्हणजे पाहा, ज्याला आज शोध म्हणतो तो गावाला पिढ्यान्‌पिढ्या दिसत होता. गुराख्याच्या डोळ्यांनी पाहिले होते. कोणी विचारले नव्हते एवढेच. ज्याला विचारण्याची बुद्धी झाली आणि ज्याने आनंदाने दाखवले, त्या दोघांच्या भेटीतून शोध झाला. अशी दीड हजारांवर चित्रे आता नोंदली गेली आहेत आणि २०२२ साली कोकणातली नऊ ठिकाणे, आठ आपल्या राज्यातली आणि एक गोव्यातले, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

यांतले नवल कशात आहे ते ध्यानात घ्या. काही चित्रांत गेंडा ओळखता येतो, असे अभ्यासक सांगतात. आज कोकणात गेंडा कुठे आहे? म्हणजे ज्याने तो कोरला त्याच्या डोळ्यांपुढचे कोकण वेगळे होते. चित्रांत प्राणी आहेत, माणसे आहेत. पण नांगर नाही, शेती नाही. त्यावरून ही चित्रे शेतीपूर्वीच्या, शिकारीवर आणि माशांवर जगणाऱ्या माणसांची असावीत, असा तर्क केला जातो आणि त्यांचे वय दहा हजार वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त धरले जाते. येथेही ‘कशावरून?’ विचारायचेच. कोळसा किंवा हाड सापडले तर कार्बनच्या पद्धतीने वय काढता येते. पण जांभ्यात कोरलेल्या रेषेत कोळसा नाही, हाड नाही. रेषेला वय विचारायचे कसे? म्हणून आजूबाजूच्या गुहांतली, मातीतली दगडी हत्यारे तपासावी लागतात. तो तपास चालू आहे. ‘पांडवांनी काढली’ म्हटले की गोष्ट तिथेच संपते. ‘कोणी काढली, कशाने काढली, आणि ती माणसे गेली कुठे?’ असे विचारले की गोष्ट सुरू होते.

पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला या गोष्टीची दुसरी बाजू दिसल्यावाचून राहत नाही. हाच सडा चिरेखाणीचा. ज्या जांभ्यावर हत्ती कोरला आहे, त्याच जांभ्याचे चिरे आपल्या घरांना लागतात. यंत्राचे पाते एका दुपारी जेवढा कातळ कापते, तेवढ्यात दहा हजार वर्षे पुसली जाऊ शकतात. आणि ते चित्र सर्वांत आधी कोणाला दिसणार? अभियंत्याला नाही, प्राध्यापकाला नाही. पात्यापुढे उभ्या असलेल्या मजुराला, कातळावरची माती झाडणाऱ्या बाईला दिसणार. तो मजूर पुष्कळदा दूरच्या मुलखातून आलेला असतो. त्याला कोणी सांगितले आहे का, की बाबा, असे काही दिसले तर हात थांबव? आणि हात थांबवल्यावर त्याची त्या दिवसाची मजुरी कोण देणार? खाण बंद पडली तर त्याच्या चुलीचे काय? मजुरी बुडणार असेल तर तो चित्र पाहील, क्षणभर नवल करील आणि पाते फिरवील. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ठेवा राखायचा असेल तर आधी तो ज्याच्या हातात आहे त्याची रोजी राखली पाहिजे. विज्ञानाची आवड लोकांत वाढवा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब टाळू नये.

उक्षीच्या लोकांनी आपल्या गावच्या हत्तीला कठडा घातला आणि तो जपला. तसे गावोगाव होऊ शकते. तेव्हा जाता जाता तीन कामे सांगतो. पहिले, या सुटीत मुंबईहून आलेल्या नातवंडांना घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याबरोबर सकाळच्या उन्हात सड्यावर जा. त्यांना विचारा, ‘आजोबा, इथे काय काय आहे?’ काही दिसले तर त्यावर खडूने गिरवू नका, पाणी ओतू नका, खणू नका. जागा लिहून ठेवा आणि जाणत्यांना कळवा. दुसरे, आपल्या हद्दीत चिरेखाण असेल तर ग्रामसभेत हा विषय घ्या. कातळ आधी झाडून पाहावा, मगच पाते लावावे. आणि चित्र निघाल्यामुळे काम थांबले तर त्या दिवसाची मजुरी खाणमालकाने द्यावी, असा ठराव करा. तिसरे, आणि सर्वांत सोपे. घरातले पोर ‘कशावरून?’ म्हणाले, तर त्याला उलट बोलतो म्हणून दटावू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर ‘चल, पाहूया’ म्हणा. या दोन शब्दांत विज्ञानाचे निम्मे शिक्षण होते, असा आमचा अनुभव आहे.

चिटणिसांना आम्ही म्हणालो होतो, की आमचा विषय एकच आहे. बोनसच्या वेळी आम्ही मालकाला म्हणतो, ताळेबंद दाखवा. लॉकयरने त्या पिवळ्या रेषेला म्हटले, जागा दाखव. त्या मदतनीस पोराने स्वतःच्याच युनियनला म्हटले, वही दाखवा. जो दाखवा म्हणतो, त्याला आपणही दाखवावे लागते. त्यामुळे या सवयीने माणूस उद्धट होत नाही, नम्र होतो.

आम्ही सांगितलेल्यातले काही खटकले असेल, तर अध्यक्षांच्या परवानगीने उभे राहा आणि आम्हांलाही विचारा: कशावरून?